दाव्या आणि माझी दोन पानं

दाव्यापुढे गोष्ट वाचणं म्हणजे आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं. एक वाक्य पुरं होतं न होतं तोच तो डोळे मिटून म्हणायचा, "दाव!" म्हणजे दाखव. आमच्या गावात, पणदऱ्यात, त्याचं हेच नाव पडलं.

"'तिच्या मनात काहूर माजलं' म्हंजी काय, लेखकराव? काहूर दावायचं कसं? ती बाई करती काय, त्ये सांग की!"

हे 'लेखकराव' तो इतकं गोड म्हणायचा की एक ठेवून द्यावीशी वाटे. मी पुण्याला शिकलेला, दिवाळी अंकात छापून येणारा. हा शाळा सोडून बारामतीच्या तंबू-सिनेमात पडेल ते काम करणारा. तरी पारावर तो गोष्ट सांगू लागला की माणसं हलत नसत आणि माझी छापलेली गोष्ट वाचा म्हणून मला त्यांच्या मागं लागावं लागे. मला त्याचा भयंकर हेवा वाटायचा.

पुढे स्वारी कोल्हापूरला एका सिनेमा कंपनीत चिकटली. एकदा गळ्यात रेशमी रुमाल बांधून माझ्याकडे आला. "तुझी ती आईची आन् परगावी जानाऱ्या पोराची गोष्ट दे. सिनेमासाठी मी लिवतो." लिहिणार कोण, तर हा! ऱ्हस्व-दीर्घाशी उभा दावा. पण मी हुरळलो. अट एकच घातली: पोरगं गेल्यावर आईच्या मनात काय काय येतं, ती दोन पानं गाळायची नाहीत. त्या पानांवर माझा फार जीव होता.

"न्हाय गाळत," दाव्या म्हणाला आणि हसला.

भवानीनगरच्या तंबूत सिनेमा लागला तेव्हा आईला घेऊन गेलो. पडद्यावर पोरगं वाटेला लागलं. त्याच्या आईनं सवयीनं केरसुणी उचलली, दाराकडं पाहिलं आणि परत कोपऱ्यात ठेवली. उन्हं कलली तरी घर तसंच, न झाडलेलं. संपलं. एक शब्द नाही. मी संतापानं लाल झालो, पण बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू येत होते. "बया गं, केर काढवंना तिला," कुणीतरी म्हणालं. घरचं माणूस गावाला गेलं की लगेच केर काढत नाहीत, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. माझ्या दोन पानांत मात्र ते कुठंच नव्हतं.

सकाळी आईपुढं जळफळलो. "माझं समदं गाळलं त्यानं! ह्ये केराचं कुठनं आनलं?"

"आपल्याच घरातनं की रं," आई म्हणाली. "तू पैल्यांदा पुण्याला गेलास, तवा दुपारी आलता त्यो. म्हनला, काकू, घर झाडलं न्हाय? म्या म्हनलं, पोरगं आत्ताच गेलंय. सांजच्याला आला, तरी तसंच हुतं. मग नुसता बसून ऱ्हायला माझ्याजवळ."

दाव्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या सिनेमांचा, त्याच्या नावाचा हेवा केव्हाच विरला. पण त्या दिवशी मी गाडीत बसून पुण्याची स्वप्नं बघत होतो आणि माझ्या आईला तो बघत होता. हा हेवा काही जात नाही.