वाटीतले बोळे

तुळसामाय गेल्याचं पत्र अकोल्याहून अमरावतीला यायला चार दिवस लागले. तिच्या नातसुनेनं कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं. आजी मंगळवारी पहाटे गेल्या, शेवटचे दोन दिवस पाणीही उतरत नव्हतं... ते वाक्य मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांच्या लेकरांच्या घशात थेंब थेंब दूध उतरवण्यात जिचा जन्म गेला, तिला स्वतःला घोट गिळता आला नाही. यात काही अर्थ शोधू नये. म्हातारपणी घसा बंद होतो.

मी चौथ्या बुकापर्यंत शिकले. लिहायची सवय नाही. तिच्याबद्दल चांगलं सांगणारे पुष्कळ निघतील, कारण तिनं वाचवलेली लेकरं आज स्वतः आजोबा झाली आहेत. मी लिहिते आहे ते न वाचलेल्या एका लेकराबद्दल. ते माझं होतं.

अमेरिकेत लढाई लागली होती आणि आमच्या वऱ्हाडातला कापूस विलायतेला चालला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी सतरा वर्षांची, अकोल्याजवळच्या एका गावात नांदत होते. लोकांनी ज्वारीच्या वावरातही कापूस पेरला होता. वेचणीला बाई मिळेना, म्हणून चांगल्या घरच्या सुनाही कमरेला ओटी बांधून वावरात उतरल्या. त्याच हंगामात मला पहिला मुलगा झाला. त्याच्या तोंडातल्या टाळूला भोक होतं. त्याला दूध ओढता येत नसे, तोंडात घातलं की नाकातून बाहेर येई. सुईणीनं सांगून टाकलं की हे राहणार नाही. सासऱ्यांनी मात्र तुळसामायला बोलावलं. ती माळ्याची, विधवा, गावाबाहेर मेथी-वांग्याचा जमिनीचा तुकडा कसायची, आणि ज्यांना पिता येत नाही अशी लेकरं जगवायची. ते तिला कोणी शिकवलं, हे तिनं कधी सांगितलं नाही.

ती आली आणि आधी तिची सासूशीच जुंपली. सासू म्हणाली, "माळीणबाई, वांगे विकून पोट नाई भरत काय, आता पोरं पाजाले निंगाली?"

"वांगे बरे राह्यते माय," तुळसामाय म्हणाली. "तोंड नाई उघडत."

मग ती माझ्याकडे वळली. माझंच दूध वाटीत काढायला लावलं. तिच्या दारात देवकापशीचं झाड होतं. साऱ्या गावाचा कापूस गाडीत चढत होता, पण त्या झाडाचं बोंड तिनं कधी विकलं नाही. त्याच कापसाचे सुपारीएवढे बोळे ती वळून आणायची. लेकराला आडवं धरायचं नाही, बसतं धरायचं. बोळा दुधात बुडवून गालाच्या आत ठेवायचा, टाळूकडे नाही. त्यानं हिरड्यांनी दाबला की थेंब उतरतो. गिळल्याचा आवाज ऐकायचा, मग थांबायचं, त्याला श्वास घेऊ द्यायचा. नाकातून दूध आलं तर पुसायचं आणि घाबरायचं नाही. एका वेळेला तास लागायचा. माझे हात बधिर व्हायचे, पाठ मोडायची, आणि उठावं तर पुढची वेळ झालेली असायची.

आमच्याकडे लेकरू पोटभर प्यालं असं कोणी तोंडानं म्हणत नाही, दृष्ट लागते. आई नेहमी सांगणार, कुठलं पितं, काही पीत नाही. मीही तुळसामायला तसंच सांगायची. ती चिडली. "येमे, तू रोजच नाई म्हणशीन, तं ज्या दिवशी खरंच पेणार नाई त्या दिवशी मले कसं समजीन?" मग तीच म्हणाली, "दृष्टीचं भेव वाटते तं बोलू नको. वापरला बोळा वाटीत टाकत जाय. दिवसाचे तीस. मी मोजीन." त्या दिवसापासून मी बोलत नसे, वाटी बोलायची. ती संध्याकाळी यायची, बोळे मोजायची आणि मान हलवायची. दीड महिन्यात त्याच्या मांडीला वळी पडली. वळी पडली हेही मी कोणाला सांगितलं नाही.

मग तिची लेक बार्शीटाकळीला बाळंतपणात अडली आणि ती तीन दिवसांसाठी गेली. नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं. पाऊस पडला असता तर फुटलेला कापूस काळा पडला असता. सासू म्हणाली, "तास-तास बोळा धरून बसशीन तं कापूस कोण वेचीन? थोडं कमी पाजलं तं मरते काय?" मी लेकराला झोळीत घालून वावरात नेलं. घाईघाईत दहा बोळे झाले, कधी आठ. तो रडायचा, नंतर रडेनासा झाला. मला वाटलं, झोपतो आहे. बरंच झालं असंही वाटलं... तेही लिहिते.

तिसऱ्या संध्याकाळी ती परतल्याचं कळलं. वाटीत नऊ बोळे होते. ती रागावेल म्हणून मी उरलेले कोरे बोळे दुधात बुडवले आणि वाटीत टाकले. तिनं मोजले. तीस.

"काल? परवा?"

"तेवढेच."

"मंग असं सुकलं काहून?" तिनं त्याचं पोट चाचपलं, डोळे पाहिले, बराच वेळ विचार केला. "दूध पोटात जाऊन राह्यलं, पण आंगी लागून नाई राह्यलं. पोट बिघडलं असन. आज रात्री नको पाजू, पोटाले आराम दे."

मी समोर बसले होते. उपाशी आहे तो, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. पहाटे तो गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं ती वाटी धुवायला उचलली. वाटीतला एक बोळा दोन बोटांत धरून उजेडात पाहिला, मग दुसरा. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळे चुलीत टाकले. मला वाटलं, ते पुन्हा वापरता येतील का हे ती पाहते आहे.

माळणीच्या हाताला यश राहिलं नाही, असं सासूनं गावभर केलं. मी ऐकून घेतलं. आमच्या गल्लीत पुढं फाटक्या ओठाची एक मुलगी झाली. त्यांनी तुळसामायला बोलावलं नाही. मुलगी बारा दिवस जगली. त्या बाराही दिवसांत मला तोंड होतं. शेवटी तुळसामाय गाव सोडून अकोल्याला गेली, तिथं तिला लोकांनी हातोहात नेलं. मला नंतर चार मुलं झाली. चारही नीट प्यायची, तिची गरज पडली नाही.

पत्र आल्यावर मी अकोल्याला भेटायला गेले. नातसून ओसरीवर शेजारचं एक किरकोळ लेकरू बसतं धरून पाजत होती. जवळ वाटी होती. तिनं बोळा काढला, वाटीत टाकण्याआधी दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. मी विचारलं, हे काय करून राहिली?

"आजीनं शिकवलं. लेकरानं दाबला तं चपटा होते. नुसताच भिजवला तं गोल राह्यते. एका घरी आजीले भिजवलेले बोळे दाखवले होते म्हणे. तवापासून मोजत नसे ती, पाह्यत जाय."

"कोणाचं घर?"

"नाव नाई सांगितलं कधी."

म्हणजे तिला कळलं होतं, त्या दुसऱ्याच दिवशी. गाव तिला बोल लावत होतं तेव्हाही... मी म्हटलं, "ते घर माझं."

पोरीनं हातातलं काम थांबवलं नाही. लेकराच्या गिळण्याचा आवाज ऐकला, त्याला श्वास घेऊ दिला. मग डाव्या हातानं वाटी माझ्याजवळून उचलली आणि आपल्या पलीकडं ठेवली.

बरोबर केलं तिनं.