नंदीशच्या वाटेची तयारी

लोहाऱ्याचे महांतप्पा आमचे शेजारी. आडत दुकान, वय साठीच्या पुढे. डोंगराची त्यांना आवड नव्हतीच; घाट लागला की एसटीत डोळे मिटून बसायचे. तेच अप्पा गेल्या हिवाळ्यात पाठीवर सॅक लावून बाजारातून फेऱ्या मारू लागले. सॅकमध्ये तूर भरलेली.

हमाल लिंबाजी ओरडला, "अप्पा, आमच्या पोटावर पाय देताव का? वझं आमी उचलावं, तुमी काटा बघावा!"

"तुझ्याहून कमीच उचलतोय रे," अप्पा म्हणाले.

बाजार हसला. मग कुणीतरी लिंबाजीला कारण सांगितलं. त्यानं पुन्हा थट्टा केली नाही.

अप्पांचा एकुलता मुलगा नंदीश दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर हिमाचलात ट्रेकला गेला होता. शेवटचं गाव मागं टाकून कित्येक दिवस दऱ्यांमधून चालायचं, रात्री तंबूत राहायचं. ओढा ओलांडताना तो वाहून गेला. देह सापडला नाही. सॅकच्या पट्ट्यात दोरा अडकतो म्हणून त्यानं निघताना गळ्यातलं इष्टलिंग देव्हाऱ्यात काढून ठेवलं होतं. लिंगायतांत माणसाला पुरताना त्याचं लिंग त्याच्याजवळ देतात. नंदीशचं लिंग घरीच राहिलं. ते त्या ओढ्यात नेऊन सोडायचं, एवढंच अप्पांनी मनाशी धरलं होतं.

"बब्रुवानराव, वरची खिंड मला न्हाय बघायची," ते मला म्हणाले. "ओढ्यापर्यंत पाय टिकले की बास."

नंदीशबरोबर गेलेला शिवकुमार त्यांना घेऊन जाणार होता. आम्ही तिघं ओसरीवर बसून आखणी करायचो. पहिल्या दिवशी थोडंच चालायचं. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून मध्ये एक दिवस मुक्काम. हवा बिघडली तर हाताशी एक दिवस जास्तीचा.

"ओढा मात्र पहाटे ओलांडायचा," शिवकुमार म्हणाला. "ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं."

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. "तुम्ही कधी ओलांडला होता?"

शिवकुमारनं मान खाली घातली. "दुपारी."

अप्पांनी शेजारच्या सॅकचा पट्टा ओढून घट्ट केला. मग म्हणाले, "पुढचा मुक्काम सांग."

अप्पांच्या बायकोनं, इरम्मांनी, वाटेसाठी कडक भाकऱ्या केल्या, शेंगाची चटणी कुटली. निघायच्या सकाळी सोलापूर स्टेशनला जायला जीप दारात आली. अप्पा बूट घालून उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"आण ते," त्यांनी हाक मारली.

इरम्मा देव्हाऱ्यापुढं बसल्या होत्या. दोन वर्षं त्या नंदीशच्या लिंगाची पूजा केल्याशिवाय जेवल्या नव्हत्या. त्यांनी लिंग मुठीत घेतलं, उठून दारापर्यंत आल्या. अप्पांनी ओंजळ पुढं केली. मूठ उघडेना.

"तो आला, न् मागितलं," त्या म्हणाल्या, "तर मी काय देऊ?"

शिवकुमार माझ्या शेजारी उभा होता. तो भिंतीकडं वळला. अप्पांची ओंजळ तशीच राहिली. मग त्यांनी ती हळूहळू मागं घेतली.

"सांगायचं राहिलंच. आत्ताच फोन आला होता," ते म्हणाले. "वर लई बर्फ पडलंय. वाट बंद हाय म्हणं."

फोन कुणाचाच वाजला नव्हता. इरम्मांनाही ते ठाऊक होतं.

"मग पुढल्या वर्षी जावा," त्या म्हणाल्या.

"व्हय. पुढल्या वर्षी," अप्पा म्हणाले, आणि जीपवाल्याला जायला सांगितलं.