‘मासा सोडला’ असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि माझ्या पोटात एरवी काही राहत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ही एक गोष्ट मात्र राहिली. पंचवीस वर्षांच्या वर झाली, राहिली ती राहिलीच.

नव्वदच्या दशकात आम्ही बसवनगुडीत राहायचो. मी मूळचा निपाणीकडचा, नोकरी बंगळुरात, आणि वेड गळाने मासे धरायचं. खाण्यासाठी नव्हे हं. जीपने तीनेक तासांवर, कावेरीच्या काठी एक कॅम्प होता. तिथे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा गळाला लावायचा, महसीर हा नदीतला मोठा मासा धरायचा, मोजायचा, वहीत लिहायचा आणि परत नदीत सोडायचा. ‘सोडायचाच तर धरता कशाला?’ असं ऑफिसातले विचारायचे. मी नुसता हसायचो — जरा शिष्टपणानेच, खरं सांगायचं तर.

तिथे मला मादण्णा भेटला. सडपातळ, कमी बोलणारा, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला माणूस. ती बोटं सुरुंगाच्या दारूने नेली होती. पूर्वी तोही इतरांसारखा डोहात दारू फेकायचा आणि वर आलेले मासे बाजारात विकायचा. एकाच धडाक्यात सगळा डोह मरतो — लहान, मोठे, पिल्लं, सगळे. त्याच्या बायकोला ते सोसत नसे. असला मासा तिने चुलीवर चढवायचं सोडलं आणि मग नवऱ्याशी बोलायचंही सोडलं. बोटं गेल्यावर त्याने तिच्या हातावर हात ठेवून, पुन्हा सुरुंगाला शिवणार नाही असा शब्द दिला, तेव्हा ती बोलायला लागली. त्यानंतर कॅम्पने त्याला कामावर घेतलं, नदी राखायला आणि आमच्यासारख्या हौशी लोकांना सांभाळायला. हे सगळं त्याने मला होडीत बसून थोडं थोडं सांगितलं होतं. मी बेळगाव भागातला, कन्नड समजणारा, म्हणून त्याला माझ्याशी बोलावंसं वाटायचं. मला तो आवडायचा. आवडायचा म्हणजे — मोठ्या भावासारखा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण परक्या माणसाशी मी जे केलं ते केलं, असं तुम्हाला वाटायला नको.

मासा सोडायचं त्यानेच मला शिकवलं. गळाशी झुंजून मासा दमलेला असतो. त्याला तसाच सोडला तर तो मरतो. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, दोन्ही हातांत त्याला अलगद धरून, त्याचं तोंड प्रवाहाकडे ठेवायचं. पाणी कल्ल्यांतून जाऊ द्यायचं. मी घाई केली की मादण्णा म्हणायचा, “स्वल्प ताळि, सार — थांबा जरा. त्याला जायचं असेल तेव्हा तो सांगेल.” आणि खरंच, शेपटीचा एक फटका तळहाताला लागायचा, की हात उघडायचे. त्या फटक्यासाठीच मी इतक्या लांब जायचो, असं मला कधीकधी वाटतं.

मग त्या सकाळी तो मोठा लागला. पाऊण तास त्याने मला काठाकाठाने नाचवलं. काठाशी आला तेव्हा माझ्या छातीपर्यंत भरेल एवढा लांब, सोन्यासारखे खवले. आणि कॅमेरा? कॅमेरा पलीकडच्या काठावर, कॅम्पात राहिलेला. मादण्णा म्हणाला, मोजू आणि सोडू. मी हट्टाला पेटलो. फोटोशिवाय ऑफिसात कोण विश्वास ठेवणार? शेवटी त्याने माशाच्या ओठातून मऊ सुती दोरी ओवली, आपली नेहमीची गाठ मारली, दुसरं टोक झाडाच्या मुळाला बांधलं. मासा धरून पाण्यातच उभं राहायला मला बजावलं आणि बांबूची गोल होडी घेऊन पलीकडे गेला.

आता ऐका, मी काय केलं ते. मी पाण्यातून बाहेर आलो. का? शर्ट बदलायला. फोटोसाठी! पिशवीत एक बरा शर्ट होता, तो घातला, बाह्या दुमडल्या, भांग पाडला. मग उन्हात एक सिगारेट ओढली. दोरी आहे की बांधलेली, असं म्हणत. परत गेलो तेव्हा प्रवाहाने त्याला दोन दगडांच्या मधल्या साचलेल्या पाण्यात ढकललं होतं. पोट वर. मी त्याला धरला, प्रवाहात नेला, हलवला, त्याच्याशी बोललो — हो, बोललोसुद्धा. फटका आला नाही.

ओली गाठ मला सुटेना. मुळाचं टोक सोडलं आणि दोरीसकट त्याला खोल धारेत लोटून दिला. तो बुडाला.

मादण्णा कॅमेरा छातीशी धरून आला. मी म्हणालो, “सोडला मी. थकला होता बिचारा, फोटो राहू दे म्हटलं.” त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू! त्याने नदीला हात जोडले आणि मग, विश्वास ठेवा, मलाही जोडले. जेवताना त्याने ती गोष्ट सगळ्या कॅम्पाला सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लाजल्यासारखं केलं.

मेलेला मासा आधी बुडतो, मग वर येतो. हे मला माहीत नव्हतं का? होतं. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला तो सापडला, ओठात दोरी आणि दोरीला मादण्णाची गाठ. कॅम्पच्या व्यवस्थापकांनी सरळ हिशेब मांडला — जुना धंदेवाईक, विकायला मासा लपवून बांधला असणार. मादण्णा जराही घाबरला नाही. माझ्याकडे बोट करून एवढंच म्हणाला, “सारांना विचारा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, माझा मासा वेगळा होता. लहान होता, जेवताना मादण्णाने वाढवून सांगितलं. मी माझ्या हाताने सोडला.

मादण्णाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. चुकीच्या माणसाला हाक मारल्यावर आपण कसे गोंधळतो, तसं. मग त्याने मान खाली घातली. त्याच दुपारी त्याला काढून टाकलं, आणि मी ठरलेल्या जीपने घरी आलो. परत मी गळ हातात घेतला नाही. त्याने कुणाचं काय भलं झालं, ते विचारू नका.

दोनेक वर्षांनी ऑफिसच्या कामासाठी आनेकलला गेलो होतो. बसस्टँडवर कुणीतरी “सार” म्हणून हाक मारली. मादण्णा. जवळच्या दगडखाणीत कामाला लागला होता. खाणीत काम म्हणजे कसलं, ते मी विचारलं नाही. त्याच्या कपड्यांना सुरुंगाच्या दारूचा वास होता. त्याने बाकावर सरकून मला जागा दिली, माझ्या मुलांची चौकशी केली. मीही त्याच्या बायकोची केली, रीत म्हणून.

“बरी आहे,” तो म्हणाला. “पण पुन्हा बोलेनाशी झालीय, सार. मध्येच एखादे दिवशी एवढंच विचारते — तो मासा कुणाला विकणार होतास?”

मग तो माझ्याकडे बघत थांबला. माझ्या घाईला थांबवणारा हा माणूस, किती वेळ थांबला म्हणून सांगू! ओळखीचं कुणी नव्हतं आजूबाजूला. त्याच्यासोबत त्याच्या घरी जायला तासभर लागला असता. तिच्यापुढे उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, “बस आली.” आणि चढलो.

मासा मी मारला. मादण्णाने नाही.