मडमेचं काम

आमच्या मागच्या दारातून आत येण्याआधी ती उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबायची. खांदे सैल सोडायची, दोन्ही हात मनगटापासून झटकायची, भांडी घासून झाल्यावर आपण पाणी झटकतो तसे. मग मान वर करून विचारायची, "येवं?" आवाज असा की चुलीजवळचं मांजर उठून बाहेर जायचं. आत माणसं दोनच, मी आणि माझ्या सासूबाई. पण तिला जन्मभर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय.

ती इंग्लंडची नटी होती. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं होतं की नावाने हाक मार. ते नाव आमच्या घरात कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून ती आमची मडम झाली, आणि पुढे सगळ्या गावाची.

तुम्ही कधी आमच्या केरीला आला असाल तर समुद्राकाठचं सुरूचं बन पाहिलं असेल. तिथे एकदा सिनेमावाले आले होते. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने झाडाखाली कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून समुद्राकडे पाहायचं, एवढाच तो प्रसंग. ती बाई म्हणजे मडम. चित्रीकरणाच्या मधल्या वेळेत ती ऊन चुकवत आमच्या घरी पाणी मागायला आली, ओसरीतल्या सोप्यावर बसली, आणि पाणी पिऊन झाल्यावरही उठेना. मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. त्या बघून म्हणाली, "महिनाभर राहीन." सिनेमावाले गेले, ही राहिली. त्यानंतर दरवर्षी पाऊस सरला की यायची आणि मे महिन्यात बहिणीकडे इंग्लंडला परतायची.

तो सिनेमा पुढे टीव्हीवर लागला. आम्ही सगळे तिच्यासोबत पाहायला बसलो. सुरूचं बन आलं, समुद्र आला, कदेलही आली. मडमेची फक्त पाठ दिसली आणि वर टोपी. माझ्या नवऱ्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, "एवढा वेळ उन्हात बसवून तुमचं तोंडच कापलं." मडम पडद्याकडे बघून म्हणाली, "पाठ चांगली बसली आहे. घाबरलेल्या बाईची पाठ अशी नसते."

ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची. मी कोरगावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, माझं इंग्रजी कामापुरतं. सासूबाई तिच्याशी कोकणीतच बोलत. दोघींचं व्यवस्थित चालायचं. दोघी सोप्यावर बसून खोबरं किसायच्या आणि आपापल्या भाषेत आपापलं सांगत राहायच्या. एकदा मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्हांला काय कळतं ती बोलते ते?" त्या म्हणाल्या, "कळपाक कित्याक जाय? आयकपाक बरें दिसता." कळायला कशाला हवं, ऐकायला बरं वाटतं.

तिची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. पहिला तुकडा मासळीवालीमुळे. मडमेने टोपलीतला बांगडा उचलला, कल्ला वर करून आत बघितलं आणि मान हलवून परत ठेवला. मासळीवाली माझ्याकडे बघत राहिली. "हिका कोणें शिकयलें गो?" तेव्हा मडमेने सांगितलं, वडिलांचं मासळीचं दुकान होतं, इंग्लंडच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या एका गावात. शाळा सुटली की ती तिथे मासे साफ करायची. गावात एक फिरती नाटक कंपनी आली. खेळ संपल्यावर ही कंपनीच्या मालकाकडे गेली आणि म्हणाली, मला न्या. मालकाने तिचे हात हुंगले आणि तो हसला. पण घेऊन गेला.

पहिली काही वर्षं तिने मोलकरणीच केल्या. ट्रे घेऊन यायचं, "जेवण तयार आहे" म्हणायचं आणि जायचं. सामान गाडीत चढवायचं, कपडे शिवायचे, तेही तिच्याकडेच. मग हळूहळू मोठी कामं मिळाली, लंडनला गेली, राण्या झाली, खुनी बायका झाली. एक लग्न झालं, ते फार टिकलं नाही, त्याबद्दल ती एवढंच म्हणायची, "तो चांगला नट होता, घरीसुद्धा."

पण लोकांनी तिला ओळखलं ते एका टीव्ही मालिकेतल्या कडक हेडनर्समुळे. बरीच वर्षं चालली ती. तेव्हापासून अनोळखी माणसं रस्त्यात थांबवून तिला आपली दुखणी सांगायची. इथेही सुटका नव्हती. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये एका इंग्रज पर्यटकाने तिला ओळखलं आणि सरळ विजारीचा पाय वर करून गुडघा दाखवला. मडमेने तो नीट दाबून पाहिला, थोडं चालायला सांगितलं आणि म्हणाली, "सूज उतरेपर्यंत पायऱ्या चढू नका." तो माणूस समाधानाने गेला. मी विचारलं, "तुला कळतं त्यातलं?" "अजिबात नाही. पण त्याला ती हेडनर्स हवी होती."

एवढं सगळं केलेली बाई आता काम का करत नाही, हे मात्र ती सांगत नसे. "थांबले," म्हणायची आणि विषय बदलायची.

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक होतं. गुरुदास ते बसवतो. त्याचं धारगळला हार्डवेअरचं दुकान आहे, पण जत्रेआधी दोन महिने त्याचं डोकं दुकानात नसतं. संध्याकाळी देवळाच्या मंडपात तालीम असायची. मडम रोज जायची आणि अगदी मागे, खांबाला टेकून बसायची. एखाद्याचा आवाज मागे पोहोचला नाही की ती हात वर करायची, बस्स. सुरुवातीला पोरं हसली. नंतर नंतर वाक्य म्हणून झालं की नट आधी खांबाकडे बघायला लागले.

एका वर्षी गुरुदासने तिला न विचारता तिच्यासाठी काम लिहिलं. नाटकातली मुलगी परदेशी मुलाशी लग्न ठरवते, त्या मुलाची आजी सोयरीक बघायला गावात येते. चार वाक्यं, तीही मराठीत. मडमेने ऐकलं आणि ती उठून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिने मला तेरेखोलच्या फेरीबोटीतून पलीकडे नेलं, उगाचच. पाण्यावर असताना कठड्याला धरून तिने सांगितलं. लंडनला एका नाटकात, दुसऱ्या अंकात, बोलता बोलता शब्द गेले. पाठांतरात तिची कधी चूक झाली नव्हती. समोरच्या नटाने सावरून घेतलं. दोन दिवसांनी परत तेच, त्याच जागी नाही, दुसरीकडे. "ते वाईट नव्हतं," ती म्हणाली. "वाईट हे की नंतर कुणी माझ्याशी त्याबद्दल बोललं नाही. सगळे फार चांगले वागले. आजारी माणसाशी वागतात तसे. म्हणून मी रंगमंच सोडला."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवता खवता ऐकून घेतलं आणि मडमेला हाक मारली. "चारच वाक्यां मगो? विसरलंय तर विसरलंय. गांवचो खेळ तो." मी ते इंग्रजीत सांगितलं. मडमेने विचारलं, "त्या आजीला बसायला खुर्ची असेल का?"

पाठांतर आमच्या घरी झालं. मी शाळेतून आले की ती वाक्यं म्हणायची आणि सासूबाई चुका काढायच्या. "नातू" मधला त तिला जमेना. खोबरं किसताना, लसूण सोलताना, घरात नातूच नातू. शेजारच्या बायकांनाही ती वाक्यं पाठ झाली.

जत्रेच्या दिवशी मंडप भरला होता. मडम माझं जांभळं लुगडं नेसून रंगमंचावर आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती टाळ्यांकडे न बघता खुर्चीत बसली, आणि ती बसताच मंडप आपोआप शांत झाला. पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला ती थांबली.

मला लगेच कळलं. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला होता. विंगेतून गुरुदास काहीतरी कुजबुजत होता, ते तिला ऐकू जात नव्हतं. मी उठायच्या आधी बायकांच्या बाजूने आवाज आला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"नातू गो! माझा नातू वाईट नाही!"

मंडपात हशा पिकला. मडमेने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्चीतून उठली, पुढे कडेपर्यंत आली आणि रंगमंचावरून मोठ्याने विचारलं, "काय?"

"माझा नातू वाईट नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मागच्या दहाबारा बायकाही म्हणाल्या.

मडमेने सगळ्यांना हात जोडले. जागेवर परत गेली, बसली, आणि मुलीच्या बापाकडे बघून म्हणाली, "माझा नातू वाईट नाही. तो फक्त कमी बोलतो." असं म्हणाली की हसणारे लोक गप्प झाले. बापाचं काम करणारा आमचा पोस्टमन नंतर सांगत होता, मला क्षणभर खरंच वाटलं की मी त्या पोराचा उगाच राग केला.

त्या दिवसापासून मडम वेगळीच झाली. जो भेटेल त्याला ती गोष्ट सांगायची, स्वतःच सासूबाई व्हायची, स्वतःच मडम. "तिथे मी विसरले तेव्हा सगळ्यांनी नजर खाली घातली," मला म्हणाली. "इथे तुझ्या सासूने ओरडून सांगितलं. इतकं सोपं होतं ते."

पुढच्या हिवाळ्यात इंग्लंडहून फोन आला. एका लहान कंपनीला म्हातारीचं काम करणारी नटी हवी होती, मुख्य काम. याआधीही असे फोन आले होते, तेव्हा ती नाही म्हणायची. या वेळी हो म्हणाली, एका अटीवर. वाक्य सांगणारं माणूस विंगेत लपून नको, पहिल्या रांगेत बसायला हवं, सगळ्यांच्या देखत. कंपनीने मान्य केलं.

ते सबंध नाटक तिने आमच्या सोप्यावर पाठ केलं. बाकीच्या सगळ्या भूमिका मी वाचल्या. तिचा मुलगा, डॉक्टर, शेजारीण. माझं इंग्रजी त्या दोन महिन्यांत जेवढं सुधारलं तेवढं कॉलेजात नव्हतं सुधारलं. माझ्या नवऱ्याने तिला आपल्या टॅक्सीतून मोपाच्या विमानतळावर सोडलं. आम्ही सगळे गेलो होतो. ती रडली नाही, आम्हीही नाही. कामावर जाणाऱ्या माणसाला निरोप द्यावा तसा दिला.

नाटक चाललं. आधी एक महिना म्हणत होते, मग गावोगाव दौरे सुरू झाले. पाऊस सरला तरी ती आली नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. तिच्या खोल्यांत आता दुसरे लोक येऊन जातात.

मधून मधून ती फोन करते. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारचा प्रयोग होता, इकडे आमची जेवणं व्हायची होती. रंगपटातली तिची खोली दिसत होती, आरशाभोवती दिवे, खुंटीवर कोट. बोलत असतानाच कुणीतरी दार वाजवलं. तिने मोबाईल आरशाला टेकवून ठेवला आणि घाईने गेली, बंद करायचं विसरून.

आम्हांला तिची रिकामी खुर्ची दिसत राहिली. भिंतीवर एक लहानसा स्पीकर होता, त्यातून रंगमंचावरचं बोलणं येत होतं. थोड्या वेळाने तिचा आवाज आला. मी बंद करायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी तो धरला. "बंद करू नको गो. रवांदी."

आम्ही दोघी मोबाईल डब्याला टेकवून ऐकत बसलो. शब्द नीट कळत नव्हते, मलाही नाही. ती काहीतरी म्हणाली, थांबली, आणि तिकडचे सगळे लोक एकदम हसले. सासूबाईही हसल्या.