मंचावरचे गाऊन

माझं पीएच.डी.चं काम नऊ वर्षं चाललं. ते संपलं तेव्हा आनंद होण्याइतकी ताकद अंगात उरली नव्हती. लातूरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. सकाळी वर्ग, दुपारी पेपर तपासणं, संध्याकाळी घर. त्यातून वेळ काढून आठवडी बाजारांच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. तो दोनदा परत आला, दोनदा दुरुस्त केला. तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी घरी येऊन चपला न काढताच मी कॉटवर आडवी झाले.

पदवी पोस्टानं मागवायची असं मी ठरवलं होतं. नांदेडला जाऊन मांडवात चार तास बसायची इच्छा नव्हती. पण वडील ऐकेनात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांची सगळी नोकरी मुखेडच्या एस.टी. आगारात, वर्कशॉपमध्ये गेली. अंगावर कायम ग्रीसचे डाग पडलेला खाकी ड्रेस. आमच्या घरात शिरलं की समोरच्याच भिंतीवर, ज्यांच्यामुळं आमच्या लोकांच्या हातात पाटी आली, त्यांची काळ्या गाऊनमधली तसबीर दिसते. मी लहान असल्यापासून दादा तिच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "तुला बी एक दिवस असं घालायचंय." बी.ए. आणि एम.ए.च्या पदव्या मी कॉलेजच्या खिडकीवरून सही करून घेतल्या होत्या. आता राहिली ही एकच.

विद्यापीठाचं परिपत्रक मी वाचलं होतं. विद्यार्थ्यांचे गाऊन बंद झाले होते. मुलींनी फिकट साडी नेसायची, मुलांनी सदरा-पायजमा घालायचा आणि वरून विद्यापीठ देईल ते उपरणं. दादांना हे सांगायला हवं होतं. दर रविवारी फोन करताना ठरवायची. ते विचारायचे, "गाऊन देतेत ना?" आणि मी म्हणायची, "देतात की दादा. तुम्ही आधी गुडघ्याला तेल लावा." एकदाचं सांगून टाकावं, त्यांची समजूत काढावी, एवढंही बळ त्या दिवसांत नव्हतं.

समारंभाच्या दिवशी ते मुखेडहून पहिल्या गाडीनं नांदेडला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. आम्ही नोंदणीच्या रांगेत उभे राहिलो. टेबलामागच्या माणसानं माझं ओळखपत्र बघून यादीत खूण केली आणि घडी घातलेलं उपरणं पुढं सरकवलं.

"आन काळा?" दादांनी विचारलं.

"गाऊन बंद झाले बाबा. आता हेच असतंय."

आम्ही रांगेतून बाजूला झालो. मी उपरणं खांद्यावर घेतलं, दादांनी काठी काखेत धरून त्याची दोन्ही टोकं सारखी केली. माझ्याकडं बघितलं नाही.

मांडवात ते पालकांमध्ये बसले, मी पुढं आमच्या रांगेत. पंखे होते, पण वारा लागत नव्हता. मग बँड वाजला आणि मिरवणूक आत आली. पुढं दंड घेतलेला अधिकारी आणि मागं सगळे मानकरी, लांब गाऊन घातलेले, गळ्यातून पाठीवर सोडलेला रंगीत हूड. मी मागं वळून पाहिलं तर दादा काठीच्या आधारानं उभे राहिले होते. नंतर ते एवढंच म्हणाले, "त्या लोकांचे तर चालू हायेत की."

माझं नाव पुकारलं गेलं. मंचावर गेले, पाहुण्यांनी पदवी हातात दिली. त्यांचं लक्ष पुढच्या माणसाकडं होतं. पायऱ्या उतरताना मला फक्त भूक लागल्याचं आठवतं.

कार्यक्रम संपल्यावर मंचामागच्या खोलीत गेले. तिथं एक शिपाई मावशी मानकऱ्यांनी काढून टाकलेले गाऊन झटकून पेटीत ठेवत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, दादांनी फोनवर काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. मावशींनी दाराकडं बघितलं.

"घाला पटकन. साहेब जेवायला गेलेत."

मी दादांना आत घेऊन आले. मावशींनी गाऊन माझ्या अंगावर चढवला. तो कुणातरी उंच माणसाचा होता, बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. डांबरगोळ्यांचा आणि दुसऱ्याच्या घामाचा वास येत होता. हूड मी उलटा घातला होता, तो मावशींनी सरळ केला. दादांनी पुढं येऊन बाहीचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं.

"वजन हाय याला," ते म्हणाले. मग मावशींना विचारलं, "धुता कसं?"

"धूत नाहीत हो. उन्हात टाकायचं नि ठेवायचं."

मावशींनी माझ्या मोबाइलवर आमचा दोघांचा फोटो काढला. दादा सावधान उभं राहावं तसे उभे होते. फोटो झाल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं.

"उतरव आता माय," ते म्हणाले. "घाम आलाय तुला. लई थकलीस तू."

नऊ वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी पाठ फिरवली आणि हूडचं बटण शोधत राहिले. ते सापडेना, मावशींनी काढून दिलं.

तो फोटो दादांनी कुणाला दाखवला नाही. घरी भिंतीवर लावलाय तो मंचावर पदवी घेतानाचा, उपरण्यातला. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणतात, "तिला जे दिलं ते ह्ये."

त्या दिवशी तिथून निघून बसस्टँडवर आम्ही पोहे खाल्ले. मी म्हटलं, "दादा, गाऊन बंद झालेत हे मला माहीत होतं. तुम्हाला सांगितलं नाही."

"मला बी ठावं होतं," ते म्हणाले. "आगारातल्या एका कंडक्टरची पोरगी मागल्या साली घेऊन गेली न्हाई का पदवी. तिनं सांगितलं होतं."

"मग दर रविवारी विचारत का होता?"

त्यांनी बशीतले उरलेले शेंगदाणे वेचून खाल्ले. "वाटलं, पीएच.डी.वाल्यांना तरी देत असतील."

मुखेडच्या गाडीला अवकाश होता, लातूरची आधी लागली. दादा माझ्याबरोबर चढले. एवढ्या वर्षांच्या नोकरीमुळं एस.टी.त ते घरच्यासारखे वावरतात. खिडकीजवळची जागा बघून त्यांनी मला बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "ही माझी पोरगी. आज डॉक्टर झाली. झोपली तर लातूरला उठवा."

लोहा यायच्या आधीच मी झोपले होते.