आजींचं वजन
माझी पत्नी एका मंगळवारी वारली. त्यानंतर काही महिन्यांनी कर्वेनगरला आमच्या जिन्यात ओवा-शेपांच्या धुरीचा वास आला. शेजारी बाळंतीण आली होती. मला खडकीच्या रुळांलगतची वस्ती आठवली. तिथली अशक्त बाळं वेळेत कशी ओळखता येतील, यावर माझ्या पत्नीचं संशोधन चालू होतं. एके दिवशी वजनकाटा उचलायला मी तिच्यासोबत तिथे गेलो होतो. एका घरातल्या खोलीत अशीच धुरी कोंडली होती. बाळ रडतही नव्हतं, नुसतं कण्हत होतं, पण त्याची आजी त्याला काट्यावर ठेवू देईना. "तान्हं लेकरू काय कांदं-बटाटं हाय, तोलायला? दृष्ट लागती." सून खाली मान घालून बसली होती. ही म्हणाली, "बरं, बाळाचं राहू द्या. आजी, तुमचंच वजन करू." आजी नातवाला तसंच उराशी धरून काट्यावर चढल्या. "आता त्याला सुनेकडे द्या आणि पुन्हा उभ्या राहा," असं ऐकल्यावर त्यांनी हिच्याकडे निरखून पाहिलं. "लई वस्ताद हायस गं," म्हणाल्या, आणि बाळ सुनेच्या हातात देऊन पुन्हा काट्यावर चढल्या. हिने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि हळूच सांगितलं, "आजी, याला आजच दवाखान्यात न्यायला हवं." पदर खोचून आजी सगळ्यांच्या आधी रिक्षात बसल्या. काटा खांद्यावर घेऊन मी मागून निघालो. एवढा ताठ मी कधी चाललो नव्हतो. बाळ वाचलं. परवा मी त्या वस्तीत जाऊन आलो. ही आता नाही, पण तिथे आज्या अजूनही नातवंडांना घेऊन स्वतःचं वजन करतात.