न आलेल्या प्रोसेसरचा फ्लेक्स

फ्लेक्स छापून आला होता. ‘नव्या पिढीच्या प्रोसेसरची संगणक लॅब’, आणि खाली संस्थेचे अध्यक्ष आबा यांचा हात जोडलेला फोटो. तो प्रोसेसर अजून बाजारातच आला नव्हता.

कॉम्प्युटर बसवून देणं हा माझा व्यवसाय. सिरसाळ्याच्या या कॉलेजला वीस नवी मशिन हवी होती. मी कोटेशन दिलं. तेवढ्यात पुढच्या पिढीची घोषणा झाल्याचं आबांनी मोबाईलवर पाहिलं आणि ऑर्डर थांबवली. जुनी मशिन हलवायची म्हणून लॅबला मात्र कुलूप लागलं होतं. प्रॅक्टिकल परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

“नवा आला की जुन्यातच बसवून टाक,” आबा म्हणाले.

“बसणार नाही, आबा. सॉकेट वेगळं आहे.” सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसरची जागा. पिढी बदलली की बऱ्याचदा तीही बदलते.

“मग थांबू. असा फ्लेक्स लावून आत जुनंच ठेवायचं, लोकात हसं करून घ्यायचं का?”

संगणक शिकवणाऱ्या जाधव मॅडम मध्येच बोलल्या. “फ्लेक्स थांबंल आबा, परीक्षा न्हाई थांबत. पोरी वहीवर प्रोग्राम लिहायल्यात.”

मी कुलूप उघडायला लावलं. एक मशिन सुरू केलं. प्रोग्रामची खिडकी उघडायला चार मिनिटं लागली.

“बघ, प्रोसेसर म्हातारा झालाय,” आबा म्हणाले.

मी टास्क मॅनेजर उघडला. कोणता भाग किती राबतोय ते त्यात दिसतं. हार्ड डिस्क शंभर टक्के, प्रोसेसर जेमतेम दहा. तो डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत बसला होता.

आबांनी दोन्ही आकडे बोट ठेवून वाचले. “म्हंजे मोटार दमदार हाय, पाईपच अर्ध्या इंचाचा.”

“तसंच.”

“मग हे आधी कावून न्हाई सांगितलं बे?”

कोटेशन देण्याआधी मी लॅब उघडून पाहिलीच नव्हती.

दोन दिवसांत सगळ्या मशिनमध्ये एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली. प्रोग्राम काही सेकंदांत उघडू लागला. परीक्षा त्याच मशिनवर झाली. फ्लेक्सवरची ‘नव्या पिढीच्या प्रोसेसरची’ ही अक्षरं मॅडमनी पांढऱ्या कागदानं झाकली. फोटो तसाच राहिला. माझी मोठी ऑर्डर गेली.

पुढं तो प्रोसेसर बाजारात आला. आबांचा फोन आला.

“आला म्हनं. घ्यायचा का?”

“आधी टास्क मॅनेजर बघू.”

“मॅडमनी बघितला. हाय त्या प्रोसेसरलाच पुरंल इतकं काम न्हाई म्हनत्यात.”

आता मी कोटेशन नंतर देतो. जुना प्रोसेसर कशासाठी थांबलाय, ते आधी बघतो.